भूजल संशोधनात जलशास्त्रज्ञ आणि भूभौतिकतज्ज्ञ यांचे सहकार्य : दख्खनच्या खडकाच्या संदर्भात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जलशास्त्रज्ञ आणि भूभौतिकतज्ज्ञ हे दोघेही भूजलाचाच अभ्यास करतात ना? मग सहकार्याचा वेगळा विचार कशासाठी?

विषय एक असला, तरी दोघांच्या हाती येणारे मोजमाप अगदी वेगळे असते. भूजलाचा अभ्यास करणारा जलशास्त्रज्ञ विहिरीतील पाणीपातळी, पाऊस, ओढ्याचा प्रवाह, उपसा आणि पाण्यातील क्षार मोजतो आणि त्यावरून पाण्याचा हिशोब मांडतो. त्याचे मोजमाप थेट पाण्याचे असते, परंतु ते विहीर जिथे आहे तेवढ्याच ठिकाणचे असते. भूभौतिकतज्ज्ञ जमिनीत वीजप्रवाह सोडतो, चुंबकीय क्षेत्रातील किंवा गुरुत्वाकर्षणातील फरक टिपतो, धक्क्याच्या लहरी किती वेळात परत येतात ते पाहतो. या मार्गाने त्याला दोन विहिरींमधल्या, कधीही न खोदलेल्या जमिनीचे चित्र मिळते. मात्र ते चित्र खडकाच्या प्रतिरोधकतेचे (म्हणजे तो विजेला किती अडवतो याचे), घनतेचे किंवा चुंबकत्वाचे असते, पाण्याचे नसते. एकाला पाणी कळते पण विस्तार कळत नाही, दुसऱ्याला विस्तार कळतो पण त्यातील पाण्याविषयी तर्कच करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र एकाचा अहवाल पूर्ण होऊन बांधला गेल्यावर तो दुसऱ्याच्या हाती पडतो आणि तोवर चुका दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते.

महाराष्ट्रात या सहकार्याची गरज अधिक आहे, असे का म्हटले जाते?

राज्याचे सुमारे ८० टक्के क्षेत्र दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि प्रत्येक थराची ठेवण वेगळी राहिली. खालचा भाग बहुधा घट्ट काळ्या पाषाणाचा, वरचा सच्छिद्र किंवा पोकळ्या खनिजांनी भरलेला, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, मातकट गेरूचा पट्टा. या खडकात पाणी सलग भरून राहत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. त्यामुळे एका बांधावरची विहीर मार्चपर्यंत पुरते आणि शंभर पावलांवरची दिवाळीतच तळ दाखवते.

गंगेच्या मैदानात दोन विहिरींच्या नोंदींवरून मधल्या जमिनीचा अंदाज बांधण्यात फारसा धोका नाही, कारण वाळूचे थर दूरवर पसरलेले असतात. बेसाल्टमध्ये हा आडाखा चालत नाही. इथे मधली जागा पाहावीच लागते आणि प्रत्येक ठिकाणी खोदून पाहणे कोणालाही परवडणारे नाही. नेमक्या याच जागी भूभौतिक मोजमाप उपयोगी पडते.

प्रतिरोधकता कमी आली म्हणजे तिथे पाणी आहे, हा नियम पुरेसा नाही का?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे जितकी बोअर कोरडी गेली असतील, तितकी अन्य कारणाने क्वचितच गेली असतील. पाण्याने भरलेला झिजलेला बेसाल्ट घट्ट पाषाणापेक्षा वीज सहज वाहू देतो हे खरे आहे. परंतु चिकणमाती तर त्याहूनही सहज वाहू देते. गेरूचा जाड पट्टा, काळ्या मातीचा खोल थर किंवा संपूर्ण कुजून चिकणमाती झालेला खडक हे सारे यंत्रावर कमी प्रतिरोधकता दाखवतात, आणि यांपैकी एकही विहिरीला पुरेसे पाणी देत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा नदीच्या गाळाचा खारपाणपट्टा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तिथे प्रतिरोधकता अत्यंत कमी येते, परंतु ती चिकणमातीमुळे आली की खाऱ्या पाण्यामुळे, हे यंत्र सांगू शकत नाही. जवळच्या विहिरीतील पाण्याची विद्युतवाहकता मोजली आणि जुन्या बोअरमधून कोणती माती निघाली होती याची नोंद मिळाली, की त्याच आकड्यांना अर्थ येतो. ही दोन्ही मोजमापे जलशास्त्रज्ञाच्या नेहमीच्या कामातली आहेत आणि त्यांना खर्चही नगण्य येतो. ती सर्वेक्षणाच्या दिवशी भूभौतिकतज्ज्ञाच्या हाती नसणे हे निव्वळ नियोजनाचे अपयश म्हणावे लागेल.

याखेरीज एक अडचण मूळ पद्धतीतच आहे. जमिनीवरून घेतलेल्या विद्युत मोजमापाला एकापेक्षा अधिक थररचना सारख्याच नेमकेपणाने जुळतात. कमी प्रतिरोधकतेचा पातळ थर आणि किंचित जास्त प्रतिरोधकतेचा जाड थर यांचा आलेख जवळजवळ एकच येतो. पन्नास मीटर खोलीवरचा एखाद्या मीटर जाडीचा थर तर आलेखात दिसतही नाही, मग तो कितीही पाणीदार असो. संगणक जे उत्तर छापून देतो ते अनेक शक्य उत्तरांपैकी एक असते. त्यांतील कोणते खरे, हे ठरवायला एखादी तरी खोदलेली विहीर लागते.

प्रतिरोधकतेवरून सच्छिद्रता काढण्याचे सूत्र उपलब्ध आहे. ते वापरता येत नाही का?

गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडलेला संबंध तेलक्षेत्रांतील स्वच्छ वालुकाश्मांच्या अभ्यासातून आला होता. त्यात वीज फक्त छिद्रांतील पाण्यातून वाहते असे गृहीत धरलेले आहे. चिकणमाती असलेल्या खडकात वीज चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वाहते, आणि झिजलेल्या बेसाल्टमध्ये चिकणमाती असतेच. त्यामुळे ते सूत्र जसेच्या तसे वापरले तर सच्छिद्रता फुगवून दिसते. शिवाय सच्छिद्रता म्हणजे पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार वाहू देण्याची क्षमता, नव्हे. मांजऱ्याच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर खडक पोकळ असूनही पाणी सोडणार नाही.

यावर उपाय आहे, पण तो स्थानिक आहे. एका पाणलोट क्षेत्रातील निवडक विहिरींवर उपसा चाचणी घ्यावी, म्हणजे पंपाने पाणी उपसत पातळी कशी उतरते ते मोजावे, त्याच विहिरींच्या काठावर प्रतिरोधकता मोजावी आणि त्या दोहोंमधला संबंध त्या क्षेत्रापुरता शोधावा. काही ठिकाणी तो बऱ्यापैकी जुळतो, काही ठिकाणी जुळतच नाही. न जुळणे हाही निष्कर्षच आहे आणि तो लपवू नये.

उलट बाजूने विचारायचे, तर नुसत्या उपसा चाचण्या पुरेशा का नाहीत?

उपसा चाचणीच्या विश्लेषणाचा पाया चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये घातला. त्यांच्या सूत्रात जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि सोडणारा खडकाचा थर, सर्व दिशांना सारखा आणि अमर्याद पसरलेला, आणि विहीर अगदी बारीक व्यासाची मानलेली आहे. आपली शेतातली विहीर यांपैकी एकही अट पाळत नाही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर खाली गेले, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी विहिरीच्या पोटातूनच आले; तेवढ्या काळात खडकाने काय दिले, हे वेगळे काढावे लागते. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी यावर उपाय दिला, त्यामुळे ही अडचण बरीचशी सुटली.

विस्ताराची अडचण मात्र राहिली. चाचणी सुरू असताना मध्येच पाणी अचानक वेगाने उतरू लागले, तर कुठेतरी जलधराची सीमा लागली एवढे जलशास्त्रज्ञाला कळते, परंतु ती सीमा कोणत्या दिशेला आणि कशाची, हे एका विहिरीच्या आलेखातून कळत नाही. त्याच शेतात चार दिशांना विद्युत छेद घेतले, म्हणजे एकेका रेषेवर प्रतिरोधकता मोजून जमिनीचे उभे चित्र काढले, तर त्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात मिळू शकते. चाचणीचा आलेख भूभौतिकतज्ज्ञाला नेमके काय शोधायचे ते सांगतो, आणि छेद जलशास्त्रज्ञाला आलेखाचे कारण दाखवतो. दोघे एकाच आठवड्यात शेतावर असतील, तरच ही देवाणघेवाण होते.

याचे एखादे ठळक उदाहरण महाराष्ट्रात आहे का?

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील डाइक हे उत्तम उदाहरण आहे. लाव्हाच्या थरांना चिरत वर आलेल्या आणि भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या या कातळरेषा काही ठिकाणी मैलोन्‌मैल दिसतात, काही ठिकाणी मातीखाली दडलेल्या असतात. त्यांचे चुंबकत्व आसपासच्या खडकाहून वेगळे असल्यामुळे चुंबकमापी घेऊन शेत आडवे चालून गेले, की दडलेली डाइकही बहुधा सापडते. पण डाइक सापडली म्हणजे पाणी सापडले असे होत नाही. घट्ट डाइक जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते आणि तिच्या चढाकडील विहिरी भरलेल्या राहतात. भेगाळलेली डाइक उलट पाणी वाहून नेते. समोरची डाइक यांपैकी कोणती, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी वर्षभर मोजल्यावर कळते. एकाचे काम एका दुपारचे, दुसऱ्याचे चार ऋतूंचे, आणि प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना हा फरक विसरला जातो.

हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या सर्वेक्षणामुळे हे सारे प्रश्न सुटणार नाहीत का?

तंत्र प्रभावी आहे यात शंका नाही. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या वेटोळ्यातून वीजप्रवाह सोडून तो अचानक तोडतात आणि जमिनीत उमटलेल्या प्रतिसादावरून थरांची प्रतिरोधकता काढतात. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठाच्या साहाय्याने देशातील सहा प्रायोगिक क्षेत्रांत असे सर्वेक्षण केले, त्यात नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता. विदर्भाच्या पूर्वेकडे बेसाल्टची जाडी कमी होत जाते आणि त्याखाली जुने गाळाचे खडक येतात. बेसाल्ट कोठे संपतो हे पाहायला ही पद्धत विशेष सोयीची आहे.

मात्र डेन्मार्ककडून यंत्राइतकीच त्यांची व्यवस्थाही घ्यायला हवी. त्या देशाचे पिण्याचे पाणी जवळजवळ संपूर्ण भूजलातून येते. तिथे १९९९ पासून देशाच्या सुमारे ४० टक्के भूभागाचे भूजल मानचित्रण झाले आणि त्या कामात विहिरींच्या नोंदी, पाण्याची रसायने, भूभौतिक मोजमापे आणि प्रवाहाची प्रतिमाने (गणिती मॉडेल) एकाच साखळीत बांधली गेली. भूभौतिक मोजमापांचा एक राष्ट्रीय साठा आणि विहिरींच्या नोंदींचा दुसरा, असे दोन्ही साठे तिथे खुले आहेत. तिथली जमीन हिमनद्यांनी आणलेल्या वाळूची आणि चिकणमातीची, त्यामुळे विद्युत फरक ठळक दिसतो. आपल्या बेसाल्टमध्ये तितका स्पष्ट फरक प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही. म्हणूनच आपल्याला जमिनीवरच्या पडताळणीची गरज त्यांच्याहून जास्त आहे.

उपग्रहावरून भूजल मोजता येते, असे ऐकले आहे. ते कितपत खरे?

मार्च २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या जोडउपग्रहांनी आपसातील अंतराच्या सूक्ष्म बदलांवरून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील फरक टिपले. त्या मोजमापांच्या आधारे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे दाखवले. हा निष्कर्ष दोन शाखांच्या सहकार्याचेच फळ आहे. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्यांना एकूण पाण्यातील बदल कळला, परंतु त्यातून मातीतील ओलाव्याचा वाटा वजा केल्याशिवाय भूजलाचा आकडा निघत नव्हता, आणि ती वजाबाकी जलशास्त्राच्या प्रतिमानांनी केली.

तथापि या उपग्रहांची नजर काही शे किलोमीटरांच्या पट्ट्यावर असते. २०१८ मध्ये सोडलेल्या त्यांच्या वारसदार जोडीचीही तीच मर्यादा आहे. तालुक्याचा किंवा गावाचा ताळेबंद त्यावरून मांडू नये.

जमिनीतील पाणी थेट ओळखणारी भूभौतिक पद्धत नाही का?

चुंबकीय अनुनादाची पद्धत पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा प्रतिसाद टिपते, त्यामुळे ती पाण्याला थेट संवेदनशील आहे. परंतु तिला स्थिर, एकसारखे चुंबकीय क्षेत्र लागते आणि बेसाल्टमधील चुंबकीय खनिजे तेच बिघडवतात. गाळाच्या प्रदेशात तिचा जरूर विचार करावा.

भूभौतिक मोजमापाचा पाण्याच्या हिशोबाशी नेमका संबंध कसा लागतो?

एक साधे गणित पाहू. एक हेक्टर क्षेत्रात भूजलाची पातळी एक मीटर वाढली आणि खडकाचे विशिष्ट उत्पादन, म्हणजे निचऱ्याने सुटू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण, २ टक्के धरले, तर वाढलेले पाणी २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर होते. झिजलेल्या किंवा सांधेदार बेसाल्टसाठी हे प्रमाण साधारणपणे १ ते ३ टक्के मानले जाते. आता ५०० हेक्टरच्या गावाचा विचार करा. तीच एक मीटरची वाढ १ टक्क्याने ५० हजार घनमीटर होते आणि ३ टक्क्यांनी दीड लाख. रब्बीत किती एकर गहू घ्यायचा, हे या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी ठरत असते.

पातळी मोजण्यात निष्काळजीपणा झाला तर चूक काही सेंटीमीटरांची होईल. विशिष्ट उत्पादन चुकले तर उत्तर तिप्पट होते. गावात मुरमाचा थर कुठे पंधरा मीटर आहे आणि कुठे तीनच मीटर, हे छेदांवरून कळले की गावभर एकच आकडा लावण्याची सक्ती राहत नाही. अटल भूजल योजनेत २०२० पासून महाराष्ट्रासह सात राज्यांतील ग्रामपंचायती जे ताळेबंद मांडत आल्या, त्यांत अशा थरजाडीच्या नकाशाची जोड मिळेल तिथे आकड्यांचा भरवसा वाढेल, असे आम्हाला वाटते.

भूभौतिकतज्ज्ञाला प्रकल्पात कधी बोलवावे?

प्रश्न ठरवण्याच्या बैठकीला. सध्या बहुधा त्याला उन्हाळ्याच्या तोंडावर, बोअर घेण्याच्या आदल्या आठवड्यात बोलावले जाते आणि ‘जागा दाखवा’ एवढेच सांगितले जाते. अशा कामाचे पैसेही मोजमाप घेतलेल्या बिंदूंच्या संख्येवर मिळतात, त्यामुळे अधिक बिंदू घेणे आणि प्रत्येक बिंदूवर काहीतरी शिफारस करणे यांतच त्याचे हित राहते. अशाने शास्त्रज्ञाचा पाणाड्या होतो. फरक इतकाच की त्याच्या हातात नारळाऐवजी मीटर असतो.

‘पाणी कुठे लागेल’ या प्रश्नाऐवजी ‘या पाणलोटात पाणी कुठून शिरते, किती साठते आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकते’ हा प्रश्न समोर ठेवला, की कामाची आखणीच बदलते. मग छेद कोणत्या निरीक्षण विहिरीवरून न्यायचा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्याच रेषेवर पुन्हा मोजायचे का, चाचणी आधी की सर्वेक्षण आधी, हे सारे दोघांनी मिळून ठरवावे लागते. जागेच्या मर्यादाही त्याच वेळी कळतात. शंभर मीटर खोलीचा अंदाज घ्यायचा तर वीज सोडण्यासाठी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांची रेषा त्याच्या कितीतरी पट लांब जाते आणि गावठाणात किंवा उतारावर एवढी सरळ मोकळी रेषा मिळतेच असे नाही.

माहितीची देवाणघेवाण कोणत्या स्वरूपात व्हावी?

अहवालातले रंगीत चित्र पुरेसे नाही. भूभौतिकतज्ज्ञाने मूळ वाचने, खुंट्यांची अंतरे, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी. उत्तर किती अनिश्चित आहे तेही लिहावे. जलशास्त्रज्ञाने पाणीपातळीबरोबर ती मोजल्याची तारीख, विहिरीची खोली, बांधकाम आणि मोजताना पंप चालू होता का, हे द्यावे. मे महिन्यातल्या पातळीशी नोव्हेंबरमधला छेद जुळवून काढलेले निष्कर्ष आम्ही पाहिलेले आहेत.

सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्मीळ नोंद कोरड्या बोअरची असते. पाणी लागलेल्या बोअरची माहिती कुठेतरी राहते, फेल गेलेले बोअर मात्र दगड ठेवून बंद होते आणि त्यातून किती फुटांवर गेरू लागला, कुठे काळा पाषाण सुरू झाला, हे विसरले जाते. वस्तुतः प्रतिरोधकतेचा अर्थ लावायला दोन्ही बोअर सारखीच उपयोगी आहेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते. त्या मालिकेच्या शेजारी बोअरगाडीवाल्यांकडील थरांच्या नोंदी ठेवता आल्या, तर दोन्ही शाखांना त्याचा लाभ होईल.

दीर्घ नोंदी कोणाच्या कधी उपयोगी पडतील हे आधी सांगता येत नाही. कोयना-वारणा परिसरात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात २१ विंधन विहिरी पाणीपातळी आणि भूकंप यांचा संबंध तपासण्यासाठी घेतल्या गेल्या. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे घन पृथ्वीलाही भरती-ओहोटी येते आणि बंदिस्त (वरून अभेद्य थराने झाकलेल्या) जलधरातील विहिरीचे पाणी त्यासोबत किंचित वर-खाली होते. भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या अशा नोंदींवरून जलधराच्या साठवणक्षमतेचाही अंदाज घेता येतो.

दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले, तर कोणाचे ग्राह्य धरावे?

लगेच कोणाचेच नाही. छेदात खडक घट्ट दिसतो आणि विहीर मात्र चांगली चालते, असे झाले तर छेदाला न दिसणारी एखादी भेग विहिरीत उघडी असू शकते, किंवा विहीरमालकाने आत आडवे बोअर मारून दूरचे पाणी आणलेले असू शकते. यांतील दुसरी शक्यता कोणत्याही यंत्राला कळणार नाही; ती मालकाशी दहा मिनिटे बोलल्यावर कळते. विसंगती सरासरीत विरघळवून टाकणे ही सर्वांत वाईट पद्धत. तिथेच पुढचे बोअर किंवा पुढची चाचणी घ्यावी, कारण नवे कळण्याची शक्यता तिथेच अधिक असते.

विद्यार्थ्यांना दोन्ही शाखा शिकवाव्यात का?

दोन्हींत प्रावीण्य अपेक्षित नाही. जलशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी भर उन्हात खुंट्या ठोकून स्वतः वाचने घ्यावीत आणि एकाच आलेखाला तीन वेगवेगळ्या थररचना जुळवून दाखवाव्यात. भूभौतिकीच्या विद्यार्थ्याने एखाद्या विहिरीवर उपसा चाचणीची पूर्ण रात्र काढावी. समोरच्याचा आकडा किती कष्टाने आणि किती गृहीतकांवर उभा आहे, हे एवढ्याने कळते.

लहान संस्थेकडे किंवा महाविद्यालयाकडे निधी कमी असेल, तर सुरुवात कुठून करावी?

एक लहान ओढ्याचे खोरे आणि त्यातील दहा-बारा विहिरी निवडाव्यात. पाणीपातळी मोजायला फीत आणि वाहकता मोजायला हातातला साधा मीटर पुरतो. प्रत्येक विहिरीच्या उघड्या भिंतीत मुरूम, मांजऱ्या, पाषाण आणि गेरू किती खोलीवर आहेत याची नोंद करावी. खोदलेली विहीर म्हणजे खडकाचा फुकट मिळालेला छेद आहे आणि भूभौतिकतज्ज्ञाला त्याहून चांगली पडताळणी मिळणार नाही. जवळच्या विद्यापीठाच्या भूभौतिकी विभागाकडून यंत्र दोन वेळा, प्रत्येकी चार दिवसांसाठी मिळाले तरी चालेल. मे महिन्याच्या अखेरीस एका निश्चित रेषेवर मोजावे, रेषेची दोन्ही टोके दगडावर रंगाने खुणावून ठेवावीत, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच खुणांवरून पुन्हा मोजावे. दोन छेदांची वजाबाकी केल्यावर जिथे प्रतिरोधकता घटलेली दिसेल, तिथल्या विहिरींची पातळी आणि वाहकता त्याच आठवड्यात दोघांनी मिळून तपासावी.